एकांची माळ

वरळीच्या बी. डी. डी. चाळी एकूण किती, असे तेथे वाढलेल्या कोणाही माणसाला विचारावे. तो क्षणाचाही विलंब न लावता ‘एकशे एकवीस’ असे उत्तर देईल. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने १९२० च्या दशकात मुंबईत ज्या वसाहती उभारल्या, त्यांत वरळीची वसाहत सर्वांत मोठी. नायगावला ४२ चाळी, ना. म. जोशी मार्गावर ३२, आणि वरळीला १२१. गिरणीचा भोंगा आणि चर्चची घंटा या दोन्ही आवाजांवर दिवसाची वेळ ओळखणारी कितीतरी कुटुंबे या परिसरात नांदली. आज या चाळी एकामागून एक पाडल्या जात असून त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. २०२५ साली तेथील पहिल्या रहिवाशांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. म्हणजे १२१ हा आकडा आता हळूहळू स्मरणाच्या प्रांतात जाणार.

गणिताच्या प्रांतात मात्र तो अढळ आहे. ११ ला ११ ने गुणले की १२१ होतात, हे पाढे पाठ असलेल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु या लहानशा संख्येचे एक विशाल भावंड आहे, आणि ते आपल्याच महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी नावारूपाला आणले, हे आपल्या घरांतून फारसे कोणी सांगत नाही. ती संख्या अशी :

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

एकापासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही सतरा अंकी संख्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे घेतली, तर शिखरावरचा नऊ ‘अर्बुदा’च्या घरात बसतो आणि डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ या घरात. त्या नाममालेतील अखेरचे घर म्हणजे ‘परार्ध’. आपली संख्या त्याच्या एक घर अलीकडे थांबते. अशा संख्येचा स्वभाव काय, तिच्या पोटात काय दडले आहे, आणि तिच्यासाठी माणसांनी आयुष्ये का वेचली, याचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

डोंगर कसा तयार होतो

ही संख्या हाती येण्याची रीत अगदी साधी आहे. नऊ एक ओळीने लिहावेत, १११११११११. आणि या संख्येला तिनेच गुणावे. नुसत्या एकांनी बनलेल्या अशा संख्येला आपण ‘एकांची माळ’ म्हणू. जितके एक तितके तिचे मणी. दोन मण्यांच्या माळेचा वर्ग १२१, तीन मण्यांचा १२३२१, चार मण्यांचा १२३४३२१, आणि नऊ मण्यांचा वर्ग म्हणजे वरची संख्या.

असे का व्हावे? पाटीवर १११ गुणिले १११ मांडून पाहिल्यास कारण डोळ्यांना दिसते. तीन ओळी येतात, प्रत्येकीत तेच तीन एक. फक्त प्रत्येक ओळ एका घराने डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांची बेरीज करू लागलो की उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. नऊ मण्यांपर्यंत कोणत्याच रकान्याची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि डोंगराचे दोन्ही उतार रेखीव राहतात. दहाव्या मण्याला मात्र मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा एक डावीकडे जातो, त्याचा धक्का शेजारच्या नवाला आणि त्यापुढील आठाला बसतो. आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या उतारावरचा आठ हरवला आणि शिखराच्या जागी दोन शून्यांची दरी पडली. रेखीवपणाची मर्यादा नऊ मण्यांची. आपली संख्या बरोबर त्या मर्यादेवर उभी आहे.

आता तिच्या पोटात काय आहे ते पाहू. जी संख्या एक आणि स्वतः यांखेरीज कोणानेही निःशेष भागली जात नाही ती मूळ संख्या. जी लहान संख्यांच्या गुणाकारातून घडते ती संयुक्त संख्या. आपली संख्या वर्ग आहे, म्हणजे संयुक्त आहेच. परंतु जिचा हा वर्ग, ती नऊ मण्यांची माळही संयुक्त आहे. नऊ मणी तीन-तीनच्या तीन गटांत वाटता येतात, म्हणून १११ ने ती भागली जाते : १११ गुणिले १००१००१. पुढे १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. यातील ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. तिचे आणखी तुकडे होत नाहीत. यास्तव आपली सतरा अंकी संख्या म्हणजे ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा घेऊन केलेला गुणाकार. एवढ्या मोठ्या डोंगराच्या पायाशी अवघे तीन दगड!

या तीन मूळ अवयवांपासून तिचे एकूण ४५ विभाजक तयार होतात. साधारणतः विभाजक जोडीने येतात. एकाने भागले की भागाकाराच्या रूपाने दुसरा हाती लागतो. मग ४५ हा विषम आकडा कसा? कारण वर्गसंख्येत एक विभाजक, म्हणजे तिचे वर्गमूळ, स्वतःच स्वतःचा जोडीदार असतो. आणखी एक गंमत अशी की या संख्येच्या सर्व अंकांची बेरीज ८१ येते, आणि ८१ ने तिला भागले तर बाकी उरत नाही. भागाकार येतो १५,२४,१५,७८,९९,७१,०४१. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्येला ‘हर्षद’ असे सुंदर संस्कृत नाव आहे. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव जगभरच्या गणितज्ञांनी जसेच्या तसे स्वीकारले, आणि ते ज्यांनी दिले त्यांच्याकडेच आता वळू.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्या आकडेमोडीचा संस्कार मुलावर झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्याला आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे असतानाच १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर, १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीला शाळामास्तर म्हणून काम केले. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही.

बाळ येशूच्या यात्रेसाठी दर फेब्रुवारीत दादरहून नाशिक रोडला जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना हा लोहमार्ग परिचयाचा आहे. या मार्गावरची दोन स्थानके संख्यांच्या जगात चिरंजीव झाली आहेत. पहिले डोंबिवली. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या या स्थानकाचा ‘डेम्लो’ असा उल्लेख आढळतो. कापरेकरांना आपल्या डोंगरवजा संख्यांची कल्पना तेथे सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ज्या संख्येच्या दोन टोकांची बेरीज मधल्या एकसारख्या अंकांशी जुळते ती डेम्लो. जसे १७७६, येथे १ आणि ६ मिळून ७ होतात आणि मध्ये ७ च आहेत. यांतील एकांच्या माळांचे वर्ग त्यांना इतके आवडले की त्यांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो’ म्हटले. १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा डेम्लो संख्यांवरील निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसरे स्थानक देवळाली. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी; नवी संख्या तयार होते. ११४ मध्ये ६ मिळवले की १२० होतात, ११५ मध्ये ७ मिळवले की १२२. म्हणजे ११४ हा १२० चा जनक आणि ११५ हा १२२ चा. परंतु काही संख्यांना असा जनकच सापडत नाही, त्या स्वयंभू. त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात. वरळीकरांना सांगावयास आनंद वाटतो की १२१ ही अशीच स्वयंभू संख्या आहे, आणि नायगावची ४२ देखील. ना. म. जोशी मार्गाच्या ३२ ला मात्र २५ हा जनक आहे. घरी बसून पडताळून पाहावे.

चार अंकी संख्यांच्या वजाबाकीतून सदैव ६१७४ वरच येऊन थांबणारी त्यांची प्रक्रिया सर्वांत प्रसिद्ध आहे. ती त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. तथापि मायदेशी त्यांची कदर झाली नाही. अनेक विद्वानांनी त्यांच्या कामाकडे करमणूक म्हणून पाहिले. पुष्कळसे लेखन त्यांना सामान्य नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापावे लागले. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली देवळालीला त्यांचे निधन झाले.

एक रास्त आक्षेप

विद्वानांच्या उदासीनतेमागे एक रास्त आक्षेप होता, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. कापरेकरांच्या संख्यांचे गुण हे पुष्कळदा संख्येचे नसून तिच्या लिखाणाचे आहेत, असा तो आक्षेप. आपण दहाच्या पटीत लिहितो, कारण हाताला दहा बोटे आहेत. बारा बोटे असती तर हाच डोंगर वेगळा दिसला असता. मग अशा अभ्यासातून हाती काय लागणार?

याचे उत्तर एकांच्या माळेतच आहे. दहाऐवजी दोनच्या पटीत लिहिण्याची पद्धती घेऊ. संगणक तीच वापरतो. तिच्यात ० आणि १ एवढेच अंक. या पद्धतीत तीन मण्यांची माळ, १११, म्हणजे आपले ७, आणि ७ ही मूळ संख्या. दशमान पद्धतीत तीच माळ ३ गुणिले ३७ अशी फुटते. लिखाण बदलले की माळेचे भाग्य बदलते, हे खरे. पण एक नियम दोन्हीकडे टिकतो. मण्यांची संख्या संयुक्त असेल, तर माळही संयुक्त असलीच पाहिजे. द्विमान पद्धतीतील नऊ मण्यांची माळ म्हणजे ५११; ती ७ गुणिले ७३ आहे, आणि ७ म्हणजे पुन्हा तीन मण्यांचीच माळ! जे १११ डोंबिवलीच्या डोंगराच्या पायात सापडले, तेच येथेही सापडते. उलट, मण्यांची संख्या मूळ असेल तर काय, हे मात्र नियम सांगत नाही; प्रत्येक माळ स्वतंत्रपणे तपासावी लागते. आणि दोनच्या पटीतील या माळांचा ध्यास कापरेकरांच्या तीनशे वर्षे आधी एका कॅथलिक संन्याशाला लागला होता.

फादर मर्सेन यांची यादी

मारँ मर्सेन यांचा जन्म १५८८ साली फ्रान्समध्ये झाला. येशूसंघीयांच्या ला फ्लेश येथील विद्यालयात शिकून १६११ साली ते पाओलाच्या संत फ्रान्सिसने स्थापिलेल्या मिनिम संघात दाखल झाले. मांस, अंडी, दूध यांपैकी काहीही न खाणारा, जणू बारमाही उपवासकाळ पाळणारा हा संघ. पॅरिसच्या मठातील आपल्या खोलीतून फादर मर्सेन यांनी युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार चालविला. देकार्त, फेर्मा, गॅलिलिओ यांच्याशी त्यांचा संबंध होता. शास्त्रीय नियतकालिके निघण्यापूर्वीच्या त्या काळात हा संन्यासी म्हणजेच एक चालते-बोलते नियतकालिक होता.

१६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी असे विधान केले की २५७ मण्यांपर्यंत पाहता २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ मण्यांच्या माळाच तेवढ्या मूळ आहेत. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासण्यास सारा काळही पुरणार नाही, असेही त्यांनी म्हणून ठेवले होते. मग ही यादी त्यांनी कशी केली? सिद्धता त्यांनी दिली नाही. पण मर्सेन यांचा अधिकार मोठा होता, आणि यादी दोन शतकांहून अधिक काळ चालत राहिली.

१८७६ साली फ्रान्सच्या एद्वार ल्यूका यांनी ६७ मण्यांची माळ मूळ नसल्याचे दाखविले. यात आश्चर्य असे की तिचा एकही अवयव त्यांनी शोधला नव्हता. मडके विकत घेताना आपण ते वाजवून पाहतो. आवाज बद्द आला की तडा आहे हे कळते, तो कोठे आहे हे कळत नाही. ल्यूका यांची कसोटी तशीच होती. मूळ संख्येने जो नाद दिलाच पाहिजे, तो या संख्येने दिला नाही. पुढे १८८३ साली इव्हान पेर्वुशिन या रशियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी ६१ मण्यांची माळ मूळ असल्याचे सिद्ध केले. ती मर्सेन यांच्या यादीतून सुटली होती. ८९ आणि १०७ या माळाही सुटल्या होत्या, आणि २५७ ची चुकीने शिरली होती. सारी यादी तपासून पूर्ण होण्यास १९४७ साल उजाडले.

६७ मण्यांच्या माळेतील तडा कोठे आहे, ते अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली दाखविले. गणितज्ञांच्या सभेत ते फळ्याकडे गेले, असे सांगतात, आणि एक शब्दही न उच्चारता त्यांनी ती एकवीस अंकी संख्या हिशेब करून लिहिली : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या भागावर १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार मांडला आणि घर-घर करीत तो पुरा केला. दोन्ही उत्तरे जुळली. सभेने टाळ्या वाजविल्या. हे शोधण्यास किती वेळ लागला, असे पुढे कोणी विचारले तेव्हा त्यांनी तीन वर्षांचे रविवार असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. मिस्सानंतरचे रविवार, असे धर्मगुरू या नात्याने मी समजून चालतो!

न फुटणारे कुलूप

कोल यांच्या फळ्यावर मोठ्या संयुक्त संख्यांचा सर्वांत खोल गुण उघडा पडला आहे. त्यांचे अवयव शोधण्यास वर्षे लागतात. सापडलेले अवयव तपासण्यास घटकाभर पुरते. गुणाकाराचा रस्ता उताराचा, फोड करण्याचा चढणीचा.

१९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी याच विषमतेचे कुलूप बनविले. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवावयाच्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. तो फोडता आला तरच कुलूप उघडेल. त्यांनी १२९ अंकी संख्येचे जाहीर आव्हान दिले, आणि ते ज्या सदरात छापून आले ते गार्डनर यांचेच सदर होते, जेथे दोन वर्षांपूर्वी देवळालीच्या मास्तरांची ओळख करून दिली गेली होती. ही संख्या फोडण्यास लागणाऱ्या काळाचा अंदाज होता ‘लीलावती’च्या भाषेत ४ ‘मध्य’ वर्षे, म्हणजे चारावर सोळा शून्ये. प्रत्यक्षात १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी संगणक जोडून ती सतरा वर्षांत फोडली. २०२० साली २५० अंकी संख्याही फुटली. म्हणून आज अशा कुलपांसाठी सहाशेहून अधिक अंकांच्या संयुक्त संख्या वापरतात, आणि बँकांचे व्यवहार व पत्रव्यवहार सुरक्षित ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. केवळ कुतूहलापोटी तपासलेल्या माळांतून हे शास्त्र वाढले. मर्सेन, ल्यूका, कोल यांच्यापैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती.

उपयोग झाला म्हणूनच ते श्रम सार्थ ठरले, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. डेम्लो संख्यांपासून एकही कुलूप झालेले नाही. या इतिहासातून आपल्या कुटुंबांनी वेगळी गोष्ट घ्यावी असे वाटते. मर्सेन हे सर्वमान्य पंडित. त्यांचा शब्द ६७ च्या बाबतीत २३२ वर्षे चालला आणि तरीही एका कसोटीपुढे टिकला नाही. कापरेकर हे पदव्युत्तर पदवी नसलेले शाळामास्तर; त्यांचा उपहास झाला, तरी त्यांच्या संख्येतील एकही अंक त्यामुळे हलला नाही. कोण बोलतो आहे हे गुणाकार विचारीत नाही. जेथे आपल्या मुलांना आडनाव, पत्ता आणि शाळेचे नाव पदोपदी विचारले जाते, त्या शहरात असे एखादे क्षेत्र असणे ही लहान गोष्ट नव्हे. बी. डी. डी. चाळीतील दहा बाय सोळाच्या खोलीत कंदिलापाशी बसून केलेली फोड आणि पॅरिसच्या मठात केलेली फोड यांना एकच न्याय.

तेव्हा गणिताला भिणारे मूल घरात असेल तर या सुट्टीत त्याला एक कागद द्यावा. ३३३६६७ ला ३७ ने गुणावयास सांगावे. उत्तर १२३४५६७९ येईल. आठ गळालेला दिसेल. त्या उत्तराला ९ ने गुणले की नऊ मण्यांची माळ हाती येते, आणि माळेला माळेनेच गुणले की डोंबिवलीचा डोंगर. हातचा कोठे येतो आणि कोठे येत नाही, एवढे मात्र त्याने स्वतः पाहावे. मोठ्यांनी सांगू नये.